कॉमेटचं नाक

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

गाजर खाल्लं की डोळे चांगले राहतात, हे आपण सगळ्यांनी लहानपणी घरात ऐकलेलं असतं. त्यात तथ्य आहेच. पण गाजर खाल्लं की अंधारातही दिसतं, ही जी त्याच्या पुढची पायरी आहे, तिचा जोरदार प्रसार दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये झाला. त्यासाठी जो तरुण वैमानिक उदाहरण म्हणून लोकांपुढे उभा केला गेला, त्याचं नाव जॉन कनिंगहॅम. युद्ध संपेपर्यंत त्यांच्या नावावर शत्रूची वीस विमानं पाडल्याची नोंद झाली; त्यातली एकोणीस रात्रीच्या अंधारात. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘मांजरडोळ्यांचा’ म्हणायला सुरुवात केली. खरी गोष्ट अशी होती, की त्यांच्या विमानात रडार बसवलेलं होतं, आणि ते शत्रूला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून गाजर! कनिंगहॅम यांना स्वतःला ते टोपणनाव कधीच आवडलं नाही. श्रेयाचा मोठा वाटा ते विमानात रडार वाचत बसणाऱ्या जिमी रॉन्सली यांना देत.

श्रोतेहो, आज मला युद्धाबद्दल बोलायचं नाही. याच कनिंगहॅम यांनी पुढे जगातल्या पहिल्या जेट प्रवासी विमानाच्या चाचण्या घेतल्या. त्या विमानाचं नाव कॉमेट. कॉमेटचा शेवट बहुतेकांना ढोबळ माहीत असतो. चौकोनी खिडक्या होत्या, त्या फुटल्या, विमानं समुद्रात पडली, असं सांगितलं जातं. ते तितकंसं बरोबर नाही, त्याकडे मी नंतर येतो. पण त्याच्याही आधी या विमानाने एक वेगळीच खोड दाखवली होती. ती उंच आभाळातली नव्हती, धावपट्टीवरची होती. मला त्या खोडीबद्दल बोलायचं आहे. मी विमानाचा माणूस नाही. माझी उमेद यंत्रांच्या चाचण्या घेण्यात गेली, आणि त्यामुळे ही गोष्ट मला जरा जास्तच लागते.

लंडनच्या उत्तरेला हॅटफिल्ड नावाचं गाव आहे. तिथे डी हॅव्हिलँड कंपनीचा कारखाना होता. कंपनीचे संस्थापक सर जेफ्री डी हॅव्हिलँड. युद्धात लाकडी मॉस्किटो विमान बनवून या कंपनीने मोठं नाव मिळवलेलं होतं. युद्ध संपल्यावर प्रवासी विमानांच्या धंद्यात अमेरिका पुढे जाणार हे उघड दिसत होतं, तेव्हा ब्रिटिशांनी ठरवलं की एक उडीच मारायची आणि थेट जेटवर जायचं. त्या वेळची पंख्यांची विमानं ताशी तीनशे मैलांच्या आसपास उडत. कॉमेट साडेचारशेच्या वर उडणार होतं, आणि तेही पस्तीस-चाळीस हजार फुटांवरून, ढगांच्या आणि धक्क्यांच्या वरून. रचना केली रोनाल्ड बिशप यांनी. सुरुवातीला विचार असा होता की या विमानाला शेपूटच ठेवायचं नाही. तो प्रयोग करून पाहण्यासाठी बिनशेपटीचं, मागे झुकलेल्या पंखांचं एक छोटं विमान बांधलं गेलं. सप्टेंबर १९४६ मध्ये टेम्स नदीच्या मुखावर ते हवेत तुटलं आणि त्यात कंपनीचा मुख्य चाचणी वैमानिक गेला. तो सर जेफ्रींचा थोरला मुलगा; त्याचंही नाव जेफ्रीच. त्यांचा धाकटा मुलगा जॉन तीन वर्षांपूर्वी मॉस्किटोच्या अपघातात गेला होता. दोन मुलं गमावलेल्या बापाचा कारखाना, आणि मुलाच्या रिकाम्या झालेल्या खुर्चीवर बसलेले कनिंगहॅम. कॉमेटची सुरुवात अशी आहे. ‘घाईघाईत बनवलेलं विमान’ असं कुणी सहज म्हणून जातं, तेव्हा मला या माणसांचे चेहरे आठवतात. त्यांना धोका माहीत नव्हता असं कसं म्हणायचं?

आणि तयारी तरी किती! कॉमेटसाठी घोस्ट नावाचं इंजिन बनलं होतं. ते एका लहान लढाऊ विमानात बसवून मार्च १९४८ मध्ये कनिंगहॅम ५९,४४६ फुटांवर गेले. तो त्या वेळचा जागतिक उच्चांक होता. पावसात कॉमेटच्या पुढच्या काचेतून वैमानिकाला नीट दिसेल का, ही एक शंका होती. म्हणून कॉमेटचं नुसतं नाक तयार केलं, ते युद्धातल्या एका बिनइंजिनाच्या लाकडी ग्लायडरला जोडलं, आणि ते ध्यान दुसऱ्या विमानामागे दोराने बांधून पावसात ओढत नेलं. मला ही कल्पना फार आवडते. कागदावर आकडेमोड करत बसण्यापेक्षा पावसात जाऊन बघा ना!

२७ जुलै १९४९. कनिंगहॅम यांचा बत्तिसावा वाढदिवस, आणि योगायोगाने सर जेफ्रींचाही वाढदिवस, सदुसष्टावा. त्या दिवशी आधी धावपट्टीवर पळवून, जमिनीपासून जरासं उचलून पुन्हा टेकवून विमानाचा अंदाज घेतला. वार्ताहर आले होते, आज काही उड्डाण होत नाही असं धरून ते परतले. संध्याकाळी विमान तपासून तयार झालं. हवा स्वच्छ होती. कनिंगहॅम चार सहकाऱ्यांना घेऊन सरळ उडाले. एकतीस मिनिटं विमान हवेत होतं. दहा हजार फुटांपर्यंत गेले, खाली येऊन हॅटफिल्डवरून एक चक्कर मारली आणि उतरले. वार्ताहर खवळले म्हणतात. दोनच आठवड्यांनी कॅनडातही एक जेट प्रवासी विमान उडालं; म्हणजे इतिहासातला पहिला नंबर चौदा दिवसांनी मिळाला.

पुढचे महिने चाचण्यांचे. ऑक्टोबरात कनिंगहॅम लंडनहून लिबियातल्या ट्रिपोलीजवळच्या तळापर्यंत, म्हणजे जवळजवळ दीड हजार मैल, साडेतीन तासांच्या आत जाऊन पोचले आणि त्याच दिवशी परत आले. १९५० च्या उन्हाळ्यात विमान आफ्रिकेत नेलं, खार्टुमला आणि नैरोबीला. का? खार्टुमला भयंकर उकाडा आणि नैरोबी समुद्रसपाटीपासून साडेपाच हजार फुटांवर. दोन्हीकडे हवा पातळ. पातळ हवेत इंजिनाचा जोर घटतो, पंखांना उचल कमी मिळते आणि धावपट्टी पुरते की नाही अशी वेळ येते. घोस्ट इंजिनं चार, प्रत्येकाचा जोर पाच हजार पौंड. म्हणजे एकूण वीस हजार. विमानाचं भरलेलं वजन एक लाख पाच हजार पौंड. वजनाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा जोर! उड्डाण हीच या विमानाची नाजूक जागा आहे हे कंपनीला पक्कं ठाऊक होतं. इतकं, की १९५१ मध्ये जोडीला छोटी रॉकेटं लावून पाहिली. त्यांची गरज नाही असं ठरलं, आणि ती काढली. पहिल्या नमुन्याला दोन्ही बाजूंना एकेकच प्रचंड चाक होतं, त्याने धावपट्टीवर भार एकवटायचा. पुढच्या विमानांना तिथे चार-चार लहान चाकं आली. एकूण बारीकसारीक किती सांगावं? सगळं तपासलं जात होतं.

२ मे १९५२ रोजी लंडनहून जोहान्सबर्गला पहिली नियमित जेट प्रवासी सेवा सुरू झाली. त्याच ऑगस्टात कोलंबोची सेवा सुरू झाली, ती कराचीहून आपल्या मुंबईमार्गे. तेव्हा सांताक्रूझला जेटचा तो चिरका आवाज पहिल्यांदा ऐकलेली काही मंडळी आजही असतील. छत्तीस प्रवासी, आणि आत इतकी शांतता की टेबलावर उभं ठेवलेलं नाणं पडत नाही, असं कौतुकाने सांगितलं जाई.

आता नाकाकडे येतो.

एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढू नये असं लिहिलेलं असतं, आणि लहानपणी प्रत्येकाने तो काढलेला असतो. हाताचा पंजा आडवा धरला की वारा त्याच्या वरून-खालून निघून जातो. पंजाची पुढची कड जराशी वर केली की हात आपोआप वर उचलला जातो. अजून वर केली की अजून उचल. पण एका मर्यादेपलीकडे पंजा उभा केला की उचल संपते, आणि वारा हात मागे ढकलायला लागतो. विमानाचा पंख म्हणजे तोच पंजा. धावपट्टीवर वेग आला की वैमानिक नाक थोडं वर घेतो, पंखाची पुढची कड वर होते, उचल मिळते आणि विमान जमीन सोडतं. नाक गरजेपेक्षा जास्त वर घेतलं तर? तर पंख वाऱ्याला आडवे येतात, विरोध वाढतो, वेग वाढायचा थांबतो. वेग नाही म्हणून उचल नाही, उचल नाही म्हणून विमान जमीन सोडत नाही. धावपट्टी मात्र संपत येते.

पंख्यांच्या विमानात यातून थोडी सवलत मिळायची. पंखा स्वतःच पंखावरून वारा फेकत असतो, त्यामुळे विमान हळू असलं तरी पंखाला वारा मिळतो. जेटमध्ये तसं काही नाही. त्यातून कॉमेटच्या पंखाच्या पुढच्या कडेचा घाट असा, की नाक फार वर गेलं की उचल झपाट्याने ढासळायची. इंजिनांची तोंडं त्याच पंखाच्या मुळाशी. नाक वर गेलं की त्यांनाही सरळ हवा मिळेना, म्हणजे जोर आणखी कमी. आणि चौथी गोष्ट म्हणजे कॉमेटची सुकाणू तेलाच्या दाबावर चालायची. जुन्या विमानात दांडा ओढताना वाऱ्याचा दाब वैमानिकाच्या हाताला कळायचा, ‘आता पुरे’ असं विमान जणू हातात सांगायचं. इथे हाताला लागायची ती फक्त स्प्रिंग.

कनिंगहॅम यांना यातलं काही जाणवलं नसेल का? मला वाटतं, जाणवायची वेळच आली नाही. त्यांचा हात इतका तयार होता, की नाक जितकं वर हवं तितकंच जायचं. दिवसाउजेडी, ओळखीच्या धावपट्टीवर, ज्याच्या रचनेची नाडी माहीत आहे असं विमान. नियमात सांगितलेलं उड्डाण ते नियमाप्रमाणे करत, आणि नियमाप्रमाणे केलं की कॉमेट उत्तम उडायचं. आपल्याकडे एखादी सुगरण उकडीच्या मोदकाची कृती सांगते. पाणी एवढं, पीठ एवढं, मीठ अंदाजाने. तिच्या हातचा मोदक कधी फुटत नाही. तीच कृती घेऊन नवी सून करायला बसते आणि उकड चिरते. मग सगळे सुनेकडे बघतात.

२६ ऑक्टोबर १९५२ च्या संध्याकाळी रोमच्या चाम्पिनो विमानतळावरून बीओएसी कंपनीचं कॉमेट कैरोला निघालं. अंधार, पाऊस, समोर क्षितिज दिसत नाही. नाक किती वर आहे हे डोळ्यांना कळायला क्षितिज लागतं. कॅप्टन हॅरी फूट अनुभवी वैमानिक होते, पण तो अनुभव बहुतांश पंख्यांच्या विमानांचा. विमान उचललं गेल्यासारखं वाटलं, मग एक पंख कलला, सगळं थरथरायला लागलं, वेग वाढेना. फूट यांनी इंजिनं बंद केली. विमान धावपट्टी ओलांडून पुढे जाऊन मोडलं. इंधनाने भरलेल्या त्या विमानाला आग लागली नाही आणि एकही माणूस दगावला नाही, हे नशीब. चौकशी झाली. निष्कर्ष निघाला तो असा, की विमानाचं नाक वाजवीपेक्षा वर गेलं आहे हे कॅप्टनच्या लक्षात आलं नाही, चूक त्याची. फूट यांना कॉमेटवरून काढून जुन्या, संथ मालवाहू विमानांवर पाठवण्यात आलं. वैमानिकांची संघटना त्यांच्या बाजूने भांडली, पण त्या वेळी त्याचा उपयोग झाला नाही.

इथे मी माझं एक सांगतो. एका पंपाच्या कारखान्यात मी चाचणी विभागात होतो. आमच्या टाकीत स्वच्छ पाणी असे, आणि त्यात आमचा पंप घड्याळासारखा चाले. एकदा गिरणाकाठच्या एका शेतकऱ्याचा पंप परत आला. आतलं चक्र घासून पार पातळ झालेलं. तो स्वतः बरोबर आला होता. मी त्याला विचारलं, ‘‘गाळाचं पाणी ओढलंत ना?’’ तो म्हणाला, ‘‘साहेब, पावसाळ्यात नदी अशीच असते.’’ मी अहवालात लिहिलं, ‘वापरणाऱ्याची चूक’. नियमाने ते बरोबर होतं. पुस्तिकेत स्वच्छ पाणीच लिहिलेलं होतं. तो माणूस जिन्यावरून खाली उतरताना मला अजून दिसतो. दुसऱ्या वर्षी तसेच आणखी पंप आले, तेव्हा कुठे आम्ही टाकीत वाळू टाकून बघितली.

कॉमेटच्या बाबतीत दुसरा पंप यायला चार महिने लागले. ३ मार्च १९५३, कराची. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचं कोरं कॉमेट लंडनहून सिडनीला पोचवायला निघालेलं होतं. टाक्या इंधनाने भरलेल्या, वजन भरपूर, हवा उष्ण, वेळ पहाटेच्या अंधारातली. नेणारे कॅप्टन चार्ल्स पेन्टलँड मुरलेले वैमानिक होते, पण कॉमेटवर नवे. नाक वर गेलं, विमान तसंच पळत राहिलं. त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण नाक पुन्हा खाली आणून त्यांनी वेग घ्यायला सुरुवात केली होती. पण धावपट्टीच्या पलीकडे एका कोरड्या नाल्याचा काठ होता. चाक त्याला आदळलं. विमान पेटलं. आतले अकराही जण गेले, आणि त्यात सहा जण डी हॅव्हिलँडचे स्वतःचे तंत्रज्ञ होते. जेट प्रवासी विमानाचा हा जगातला पहिला प्राणघातक अपघात.

दोन अनुभवी कॅप्टन, दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळे विमानतळ, आणि एकच चूक. आता ती नुसती माणसाची चूक म्हणता येईना. हॅटफिल्डला कॉमेटच्या पंखाची पुढची कड बदलली गेली. ती खाली झुकती, गोलसर केली, म्हणजे नाक वर गेलं तरी हवा पंखाला धरून राहावी. पंखावरून हवा आडवी घसरू नये म्हणून उभ्या पट्ट्या बसवल्या. वैमानिकांना उड्डाणाची रीत नव्याने शिकवली.

दुसऱ्या खोडीबद्दल बोलेन म्हटलं होतं, ते थोडक्यात सांगतो, कारण तिचं मूळ मला पहिल्यासारखंच दिसतं. मे १९५३ मध्ये कलकत्त्याहून दिल्लीला निघालेलं कॉमेट उड्डाणानंतर काही मिनिटांतच वळवाच्या वादळात सापडून तुटलं. त्रेचाळीस जण गेले. तेव्हा दोष वादळाला दिला गेला. मग १० जानेवारी १९५४ ला एल्बा बेटाजवळ एक आणि ८ एप्रिलला नेपल्सच्या दक्षिणेला दुसरं, अशी दोन विमानं स्वच्छ हवेत, उंचावर चढताना तुटली. पस्तीस आणि एकवीस माणसं. सगळी कॉमेट जमिनीवर आणली. फार्नबरोच्या सरकारी संशोधन केंद्रात सर आर्नोल्ड हॉल यांच्या देखरेखीखाली एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत बसवलं, आणि आत पाण्याचा दाब भरून-सोडून उड्डाणांची नक्कल सुरू केली. आधी १,२२१ प्रत्यक्ष उड्डाणं झालेलं ते विमान टाकीतल्या १,८३६ नकली उड्डाणांनंतर फाटलं. चीर सुरू झाली ती संकटकालीन दाराच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून. एल्बाच्या समुद्रातून काढलेल्या अवशेषांत मूळ चीर सापडली छपरात, दिशादर्शक यंत्राच्या आकाशकांबीसाठी ठेवलेल्या झरोक्याच्या कोपऱ्यात. म्हणजे प्रवासी ज्यातून बाहेर बघायचे, त्या खिडक्यांवर उगाच आळ आला आहे. पत्र्यातला कोपरा, त्याच्याजवळ एकवटणारा ताण, आणि वारंवार फुगून-आकसून थकणारा धातू, ही खरी गोष्ट.

पण मग कंपनीने हे तपासलं नव्हतं का? तपासलं होतं! कॉमेटच्या सांगाड्याचा एक भाग घेऊन त्यांनी १९५३ मध्ये सुमारे सोळा हजार वेळा दाब भरून-सोडून पाहिला होता. विमानाच्या आयुष्याला तो आकडा पुरून उरत होता. गोची अशी की त्याच भागावर आधी मजबुतीची चाचणी झाली होती, रोजच्या दाबाच्या दुप्पट दाबाने. त्या दुप्पट दाबाने कोपऱ्याजवळचा धातू जागच्या जागी किंचित ताणला गेला आणि दाब काढल्यावर आवळून बसला. त्यामुळे चीर पडायला तो पुढे दाद देईना. एका चाचणीने दुसऱ्या चाचणीचा नमुना नकळत पक्का करून ठेवला. प्रवाशांना घेऊन उडणाऱ्या विमानांना मात्र तो दुप्पट दाब कुणी दिला नव्हता. एल्बाजवळ पडलेल्या विमानाची उड्डाणं १,२९० झाली होती, नेपल्सकडच्याची ९००. तयार हाताने घेतलेलं उड्डाण आणि पक्क्या झालेल्या पत्र्यावर घेतलेली चाचणी यांच्यात मला तरी फरक दिसत नाही. दोन्हीकडे कुणी लबाडी केलेली नाही. दोन्हीकडे तपासला गेला तो नमुना उजवा होता, आणि लोकांच्या वाट्याला आलं ते साधं.

त्या चौकशीत सगळं बाहेर आलं आणि सगळं छापलं गेलं. अमेरिकन कंपन्यांनीही ते वाचलं. नवं, जाड पत्र्याचं, गोल खिडक्यांचं कॉमेट ४ एप्रिल १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं, तेही कनिंगहॅम यांच्याच हाती. ४ ऑक्टोबरला त्याने अटलांटिकवरून पहिली जेट प्रवासी सेवा सुरू केली. तीनच आठवड्यांनी अमेरिकेचं बोइंग ७०७ आलं, मोठं आणि वेगवान, आणि बाजार घेऊन गेलं. कनिंगहॅम १९८० मध्ये निवृत्त झाले, आणि २००२ च्या जुलैत, पंच्याऐंशीव्या वाढदिवसाच्या सहा दिवस आधी वारले. मोठा वैमानिक आणि माणूस म्हणून साधा, असं त्यांच्याबद्दल सगळे लिहितात. त्यांचं कसब या गोष्टीत आड आलं असं मी म्हणतो, त्यात त्यांचा अधिक्षेप नाही. त्यांना जे काम दिलं होतं, ते त्यांनी चोख केलं. ‘मुद्दाम चुकून दाखवा’ असं काम तोवर कुणी दिलं नव्हतं.

ते काम आता देतात. नवं मोठं प्रवासी विमान तयार झालं की त्याच्या चाचण्यांमध्ये एक दिवस असा असतो, की वैमानिक धावपट्टीवर वेग पुरेसा येण्याच्या आधीच नाक वर घेतो, जाईल तितकं वर घेतो, इतकं की विमानाचं शेपूट जमिनीला टेकतं. शेपटीखाली आधीच एक जाड घासपट्टी बसवलेली असते. तसंच शेपूट घासत, ठिणग्या उडवत विमान पळत राहतं, आणि त्या अवघडलेल्या अवस्थेतही ते जमीन सोडतं की नाही, सोडतं तर कमीत कमी किती वेगाला सोडतं, याची मोजणी होते. तो वेग नोंदला जातो आणि रोजच्या उड्डाणाचे वेग त्याच्यापासून सुरक्षित अंतर ठेवून ठरवतात. या चाचणीचा उगम कॉमेटच्या त्या दोन अपघातांमध्ये आहे, असं विमानविद्येचे जाणकार सांगतात. या चाचण्यांच्या चित्रफिती पाहायला मिळतात. जरूर पाहा, विमान मोडतंय की काय असं वाटतं.

चाम्पिनोच्या धावपट्टीच्या टोकाला, दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत, फूट यांच्या कॉमेटच्या शेपटीने घासलेल्या खुणा सापडल्या होत्या. नाक वाजवीपेक्षा वर होतं, याचा पुरावा म्हणून त्यांची मोजमापं घेऊन ती फूट यांच्याविरुद्धच्या कागदांना जोडली गेली.